तिसऱ्या पुष्पाचा वक्ता

शहापूर, बेळगाव
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सौ. विनोदिनीस अनेक आशीर्वाद.

आज तिकडच्या दुपारी साडेचारला, म्हणजे आपल्या रात्री दहाला, तुझं जहाज साउथॅम्प्टन सोडेल. लांबी तीनशे पंचेचाळीस मीटर. काल मी टेप घेऊन आपल्या दारापासून मोजायला लागलो. मारुतीचं देऊळ झालं, पिठाची गिरणी मागं पडली, तरी जहाज संपेना. लोक विचारत होते, गटार काढताय काय. मी मोजत राहिलो. ग्रॉस टनेज एक लाख चौऱ्याऐंशी हजार. हे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप आहे. तिथं कुणी वजन म्हणून सांगितलं तर मान डोलवू नकोस.

तुझ्या मंजुश्री आक्कांनी तिघांची खोली घेतली होती. माझा पलंग रिकामा जाणार, त्यावर ओले टॉवेल टाकू नका. माझा व्हिसा नाकारला याचं मला दुःख नाही, कारण चूक माझी नाही. जन्माचं राज्य या रकान्यात मी 'म्हैसूर' लिहिलं. फेब्रुवारी एकाहत्तरला कर्नाटक हे नावच नव्हतं, ते नोव्हेंबर त्र्याहत्तरला आलं. पासपोर्टात काय छापलंय त्याला मी जबाबदार नाही. सोबत चार पानांचा खुलासा जोडला होता, तो त्यांनी वाचलेला दिसत नाही. तुझा जन्म चौऱ्याहत्तरचा, म्हणून तुझा अर्ज सुटला.

आता काम. फोनवर बोलून काही उरत नाही. तू कागदावर लिही, फोटो काढून पाठव. मीही तसंच करतो, फोटो आपली चिन्मयी काढेल. प्रत्येक पत्रावर तारखेशेजारी अक्षांश-रेखांश लिही, खोलीतल्या टीव्हीवर दिसतात. वेग, वाऱ्याची दिशा आणि लाटांची उंची रोज. 'बोट' लिहू नकोस, जहाज लिही. हे सगळं मला डिसेंबरच्या व्याख्यानमालेसाठी हवंय. जहाजांवर बोलायचं माझं हे दहावं वर्ष आहे, हे तुला सांगायला नको.

नागराज

•

बोटीवरून
बुधवार, ५ नोव्हेंबर
अक्षांश ४४ उत्तर, रेखांश ११ पश्चिम

अहो,

नमस्कार. काल दिवसभर आडवी होते. पोटात काही राहिलं न्हाय. आक्का चाळीस वर्षं इंग्लंडात नर्स होती, तिनं हिरवं सफरचंद खायला घातलं आणि आज मी उठून बसले. लाटा किती उंच ते तुम्हीच सांगा, मी डोळे मिटून होते.

ही बोट म्हणजे बोट न्हायच हो. एवढ्या माणसांची जेवणं होतात, पण कुठं भांड्याचा आवाज न्हाय. लिफ्टमध्ये गालिचा हाय, त्यावर वाराचं नाव. रोज पहाटे बदलतात. मी कोपरा उलटून बघितला. विणलेला न्हाय, मागून डिंक लावून टोचलेला. लिफ्टमधला साहेब माझ्याकडं बघत राहिला.

तुमच्या पलंगावर टॉवेल न्हाईत. आक्काच्या बॅगा हाईत.

मी रोज आपल्याच साड्या नेसते. आज जांभळी, तुमच्या सात नंबरच्या मागावरची. कठड्याशी उभी होते तर वारा पदर नेतोय. तुमची लई आठवण झाली. तुम्ही असता तर वाऱ्याचं नाव सांगितलं असतं.

वेग १९. वारा टीव्हीवर लिहून येतो, पण मी बघेपर्यंत पान बदललं.

विनोदिनी

•

बेळगाव
६ नोव्हेंबर २०२५

श्री. नागराजराव यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेची परवा बैठक झाली. तिसरं पुष्प, गुरुवार ११ डिसेंबर, हे परंपरेने तुमचं. गेली नऊ वर्षं तुम्ही पुस्तकांतून जमवून आम्हांला जहाजं दाखवलीत. आठवीपर्यंत शिकलेला माणूस, माग दुरुस्त करता करता एवढं वाचतो, हे मी निवृत्त मास्तर म्हणून दरवर्षी सभेत सांगत आलो आहे.

यंदा मात्र सभासदांचं मत पडलं की, सौ. वहिनी प्रत्यक्ष अटलांटिक ओलांडत आहेत, तर तिसरं पुष्प त्यांनीच गुंफावं. विषय सुचवला आहे, 'अटलांटिकवरचे अकरा दिवस'. दिवाळीनंतरच्या ऑर्डरी सोडून जाता येत नाही म्हणून तुम्ही प्रवास नाकारलात, हा त्याग आम्ही जाणतो. तेव्हा त्या दिवशी आभारप्रदर्शन तुम्ही करावं अशी विनंती आहे.

वहिनींना आमचं निमंत्रण पोचवावं आणि त्यांचा होकार की नकार ते आठवड्यात कळवावं. पत्रकं बाराला छापायला जातात.

दत्तोपंत
कार्यवाह

•

शहापूर, ७ नोव्हेंबर २०२५

श्री. दत्तोपंत यांस सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. सौ.ला निमंत्रण पोचवलं. तिनं आपले आभार मानले आहेत, पण नम्रपणे नकार कळवला आहे. तिला सभेची भीती वाटते. समोर चार माणसं आली की तिचा आवाज बसतो. आग्रह केल्यास तिच्या तब्येतीवर परिणाम होईल.

तिची टिपणं माझ्याकडे रोज येत आहेत, त्यांतल्या चुका दुरुस्त करून मीच नेहमीप्रमाणे तिसरं पुष्प गुंफीन. विषय तोच ठेवायला हरकत नाही. आभारप्रदर्शन दुसऱ्या कुणाला द्यावं.

नागराज

•

शहापूर, ७ नोव्हेंबर

सौ. विनोदिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लिफ्टमधला गालिचा हा माझ्या उपयोगाचा विषय नाही. वेग एकोणीस काय? नॉट लिहावं. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे अठराशे बावन्न मीटर. हे मी तुला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं.

पुढचं बघून कळव. (१) जहाजाचे पंखे बुडाखाली फिरत्या खांबांवर आहेत, तर वळताना जेवणाच्या टेबलावरचं पाणी कुठल्या बाजूला कलंडतं. (२) डोलणं कमी करायला पोटातून पंख बाहेर काढतात, ते काढल्याचं कळतं का. (३) गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासूनच करतात, त्याची चव. अशा आणखी तीन गोष्टी वेगळ्या कागदावर आहेत.

इकडे विशेष काही नाही. दत्तोपंत भेटले नाहीत. चार नंबरच्या मागाचा धोटा उडत होता, बसवला.

नागराज

•

बोटीवरून
रविवार, ९ नोव्हेंबर
अक्षांश २७ उत्तर, रेखांश २९ पश्चिम

अहो,

आज काय झालं ते आधी सांगते, पाण्याची चव मागनं.

काल सकाळी वरच्या मजल्यावर बायका सुया घेऊन विणत बसल्या होत्या. एका म्हातारीनं माझा पदर हातात घेतला आणि विचारलं, हे मशिनीवर का हातानं. मी म्हणलं, मागावर, आणि माग चालवणारा माझा नवरा. मग तिच्या शालीचा दोरा तुटला. मी आपली सवयीनं एका हातानं गाठ मारून दिली. त्या सगळ्या म्हणल्या, परत करून दाखवा. सात वेळा दाखवलं. तिथं कार्यक्रम ठरवणारी एक पोरगी असते, तिनं आक्काला विचारलं, आणि आज सकाळी दाराखालून दिवसाचा छापील कागद आला त्यात माझं नाव. अकरा वाजता, लहान थेटर. कागदाचा फोटो सोबत पाठवते.

पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं. इंग्रजी येईल तसं बोलले, दोनदा आक्कानं शब्द दिला. आईची वहिफणी सांगितली. वडगावात आमच्या घरी आई मागाच्या एका अंगाला, मी दुसऱ्या अंगाला, ती ताण्याचा एकेक दोरा पुढं करायची आणि मी फणीतून ओढून घ्यायची. एका साडीला तीन हजार दोरे, म्हणजे तीन हजार वेळा. त्या तीन हजार वेळांत आईनं मला सगळं आयुष्य सांगितलं, म्हणलं. तेव्हा थेटरात कुणी खोकलंसुद्धा न्हाय.

पस्तीस मिनिटं बोलले. आक्कानं माणसं मोजली, चौसष्ट. एक म्हातारा उभा राहून म्हणाला, बावीस वेळा बोटीनं गेलो, भाषण ऐकताना पहिल्यांदाच जागा राहिलो.

तुम्हाला सांगितल्याबिगर राहवेना.

पाण्याला चव न्हाय. ग्लासातलं पाणी हाललं न्हाय. पंख काढल्याचं कळलं न्हाय.

विनोदिनी

•

शहापूर, १० नोव्हेंबर

सौ. विनोदिनीस,

अभिनंदन.

एका साडीला तीन हजार दोरे नसतात. आपल्या सात नंबरवर दोन हजार नऊशे साठ आहेत. चौसष्ट माणसांना तू चुकीचा आकडा सांगून आलीस. वहिफणी साडीगणिक होत नाही, नवा ताणा चढवताना होते, आणि एका ताण्यात कितीतरी साड्या निघतात. हेही तू सांगितलं नसशील. 'माग चालवणारा माझा नवरा' हेही बरोबर नाही. मी माग चालवत नाही, मी जॉबर आहे, माग दुरुस्त करतो.

तू छापील कागद पाठवलास. भिंग घेऊन पाहिला. तुझं नाव बरोबर छापलंय. मी तीस वर्षं या जहाजांचं वाचतोय. कुठल्या कंपनीनं कोणत्या साली कुठं बांधलं, आत किती पायऱ्या, ते मला पाठ आहे. ज्या जहाजावर झोपायला मला एक पलंग मिळाला नाही, त्याच जहाजानं तुझं नाव छापलं, तेही सहा दिवसांत. यात मला वाईट वाटायचं कारण नाही. मी फक्त नोंद करतोय.

यापुढे असल्या कार्यक्रमांत वेळ घालवू नकोस. वेगळ्या कागदावरच्या तीन गोष्टी अजून बाकी आहेत. तू फिरायला गेलीस ते ठीक, पण जे तुला लिहायला सांगितलं ते आधी. आणि पुन्हा सांगतो, जहाज.

नागराज

•

बोटीवरून
मंगळवार, ११ नोव्हेंबर
अक्षांश २२ उत्तर, रेखांश ४१ पश्चिम

अहो,

तुम्ही रागावलाय. चिन्मयीनं फोटो लांबून काढला तरी कागद दोन ठिकाणी फाटलेला दिसतोय, तुमच्या काना-मात्रांनी.

तिन्ही गोष्टींची उत्तरं मागच्या पानावर लिहिलीत. त्यासाठी काल दोन तास फिरले आणि एका फिलिपिनो पोराला चार वेळा छळलं. तो म्हणाला, मॅडम, हे तर आमच्या इंजिनिअरनंपण कधी विचारलं न्हाय. मी म्हणलं, विचारणारा शहापुरात हाय.

आकड्याचं म्हणाल तर दोन हजार नऊशे साठ मला म्हायती हाय. तीन हजार म्हणलं कारण ते ऐकायला बरं. वहिफणी आणि ताण्याचंबी सांगितलं होतं. तुम्ही न विचारता न्हाय म्हणलात.

आता मनातलं एक विचारते. लिहू का नको म्हणून कालपासून पेन उघडतेय आणि मिटतेय. थेटरात बोलताना मला सारखं वाटत होतं, समोर वडगावच्या बायका असत्या तर. आमची आई असती तर. ती तर गेली. पण बाकीच्या हाईत. त्या दरवर्षी तुमच्या व्याख्यानाला चहा-उप्पीट करायला मागच्या खोलीत असतात, मीबी असते, आम्हाला तुमचं निम्मं ऐकू येतं.

तर डिसेंबरात तुमचं भाषण सुरू व्हायच्या आधी मला पाच मिनिटं मिळतील का? पाचच. बोटीवर बसून काय वाटलं एवढंच बोलीन, आकडे तुमचे तुम्ही सांगा. मी कोण म्हणून विचारू, पण तुम्ही दत्तोपंतांना विचारून बघा. ते मोठे लोक, त्यांना पसंत न पडलं तर राहू दे, मला वाईट वाटणार न्हाय.

बार्बाडोसला शुक्रवारी सकाळी पोचतो.

विनोदिनी

•

शहापूर, १२ नोव्हेंबर २०२५

श्री. दत्तोपंत यांस,

सात तारखेच्या पत्रात मी लिहिलं की सौ. विनोदिनीनं नकार दिला. तिनं नकार दिलेला नाही. आपलं निमंत्रण मी तिला कळवलेलंच नाही. तिला सभेची भीती वाटते हे मी स्वतःच्या मनानं लिहिलं. वस्तुस्थिती अशी की रविवारी, ९ नोव्हेंबरला, तिनं जहाजावर चौसष्ट माणसांसमोर पस्तीस मिनिटं इंग्रजीत भाषण केलं.

आणखी एक. ऑर्डरींमुळे मी प्रवास नाकारला असा आपला समज आहे. तो मीच करून दिला. माझा व्हिसा नाकारला गेला. कारण लिहीत बसत नाही, विचाराल तर कागद दाखवीन.

तिसरं पुष्प तिचं आहे. पत्रकं आज छापायला जाणार, म्हणून हे पत्र टपालात न टाकता स्वतः घेऊन येत आहे.

नागराज

•

शहापूर, बुधवार, १२ नोव्हेंबर

विनोदिनी,

हे पत्र चिन्मयीकडे दिलेलं नाही. फोटो मीच काढला आहे, त्यामुळे कोपरा कापला गेला असेल.

तू पाच मिनिटं मागितलीस. सहा तारखेला दत्तोपंतांनी पत्र पाठवून तुला पूर्ण दिवस दिला होता. अकरा डिसेंबर, तिसरं पुष्प, माझ्या जागी तू. मी ते पत्र ट्रंकेत ठेवलं आणि त्यांना कळवलं की तू घाबरतेस म्हणून नको म्हणालीस. त्याच दिवशी तुला लिहिलं की दत्तोपंत भेटले नाहीत. ते खरंच भेटले नव्हते, पत्र आलं होतं. असं बरोबर लिहून खोटं बोलायला मला जमतं, हे मला माहीत नव्हतं.

तुझं कालचं पत्र सकाळी वाचलं. माग बंद करून बसलो. मग दत्तोपंतांकडे गेलो आणि सगळं लिहून त्यांच्या हातात दिलं. ते उभ्यानं वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग आत बघून चहा सांगितला. माझ्याच्यानं तो संपेना. शेवटी म्हणाले, "नागराजराव, नऊ वर्षं मी तुमचा परिचय करून देताना एकही शब्द खोटा बोललो नाही. तुम्ही मला यंदा बोलायला लावणार होता." मी म्हटलं, होय.

पत्रकाचा मजकूर गुंडूच्या छापखान्यात गेला होता. दत्तोपंत म्हणाले, तुम्हीच जा आणि बदलून घ्या. गेलो. गुंडूनं संगणकावर माझं नाव निवडलं आणि एक बटण दाबलं. नऊ वर्षं तिथं होतं, जायला एक सेकंद लागला नाही. तुझं नाव मी अक्षर अक्षर सांगितलं. त्यानं विचारलं, पुढं 'सौ.' लावू का. मी म्हटलं, दत्तोपंतांना विचार, आजच्यापुरतं मला काही विचारू नको.

मला अजून मत्सर वाटतो. वाटत नाही असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. तू समुद्रावर आहेस याचा वाटतो, तुझं इंग्रजी चाललं याचा वाटतो, आणि सगळ्यात जास्त, कुणी खोकलं नाही याचा वाटतो. माझ्या व्याख्यानात लोक खोकतात.

आभार मी मानायचे असं ठरलंय. तुला मान्य असेल तर.

नागराज

•

बोटीवरून
गुरुवार, १३ नोव्हेंबर

अहो,

पत्र मिळालं. कोपरा कापला न्हाय, सगळं दिसलं.

दोनदा वाचलं. आक्काला दाखवलं न्हाय. ती विचारत होती डोळे का लाल, तर म्हणलं वारं. मग एकटीच वर जाऊन बसले. सत्तावीस वर्षं मी तुमचं जहाज ऐकत आले, भाकरी थापताना, कांड्या भरताना. एकदाबी म्हणले न्हाय की पुरे. तुम्हाला माझा एक दिवस ऐकून घेता आला न्हाय. एवढंच वाटलं, दुसरं काही न्हाय. पण ते लई वाटलं.

सभेला घाबरते असं तुम्ही लिहिलंत. त्यात खोटं न्हाय. घाबरतेच. घाबरत बोलले. अकरा डिसेंबरलाबी घाबरतच बोलेन. पूर्ण वेळ बोलेन, पाच मिनिटं न्हाय. दत्तोपंतांना मी स्वतः कळवलंय, त्यांचा नंबर चिन्मयीनं दिला. 'सौ.' नको म्हणून सांगितलंय, नुसतं नाव पुरे. आणि चहा-उप्पीट त्या दिवशी बाहेरून मागवा म्हणलंय, बायका पुढं बसतील.

आभार तुम्ही माना. मान्य हाय. तीन मिनिटांत आटपा.

तुम्ही स्वतः जाऊन नाव काढून आलात हे मी विसरणार न्हाय. पण माझा राग अजून गेला न्हाय, आणि तो घेऊनच मी घरी येणार. तोवर पत्र बंद. तुम्ही लिहा, मी वाचीन, उत्तर देणार न्हाय.

काल दुपारी तीन वाजता ही बोट भर समुद्रात थांबली. चारी बाजूला पाणी, जमीन अजून दीड दिवस लांब. इंजिनाची घरघर एकदम बंद झाली तेव्हा कळलं की इतके दिवस ती चालू होती. तीन हजार माणसं डाव्या कठड्याला. मी अगदी पुढं, माझ्या पुढं फक्त लोखंड. सव्वा तास थांबली. खाली पाण्यात काय होतं, ते वर कसं घेतलं, कप्तान भोंग्यावर काय बोलला, सगळं वहीत लिहून ठेवलंय, मिनिटामिनिटानं, तुमच्यासारखं.

ते अकरा डिसेंबरला साडेसहाला सांगीन. तुम्ही सहालाच या. मागच्या वर्षी तुमच्या वेळी खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून यंदाबी मिळेल असं धरून चालू नका.

विनोदिनी